नवी ऑपरेटर

माझ्या वडिलांना आमच्या गल्लीत कोणी नावानं हाक मारत नसे. ते ऑपरेटर होते. पेपरवाला "ऑपरेटर आहेत का?" म्हणून विचारायचा, शाळेतल्या बाई मला "ऑपरेटरची मुलगी" म्हणायच्या, आणि आई चिडली की म्हणायची, "अहो ऑपरेटर, जरा जमिनीवर या." थिएटरमध्ये सगळ्यांत उंचावर, प्रेक्षकांच्या डोक्यांमागे जी खोली असते तिला केबिन म्हणतात. त्या केबिनमध्ये प्रोजेक्टरशेजारी बसून त्यांनी अर्धं आयुष्य लोकांना सिनेमे दाखवले.

पुढे थिएटर बंद पडलं. मालकांनी खुर्च्या उपटून काढल्या आणि हॉलचं गोदाम केलं. घर बदलणारे, परदेशी जाणारे, भांडून वेगळे झालेले लोक आपलं सामान तिथे ठेवतात. जिथे पहिल्या रांगेतली माणसं माना वर करून बसायची, तिथे आता कपाटं आणि गुंडाळलेल्या गाद्या उभ्या असतात. पडदा तेवढा काढायचा राहून गेला. चोरीची भीती म्हणून मालकांनी कॅमेरे बसवले, आणि कॅमेऱ्यांतलं बघायला माणूस हवा म्हणून ऑपरेटरलाच पुन्हा केबिनमध्ये चढवलं. प्रोजेक्टरच्या जागी कॉम्प्युटर आला. वडील म्हणायचे, "आधी मी दाखवायचो, लोक बघायचे. आता लोक दाखवतात, मी बघतो. फक्त मध्यंतर कुणी देत नाही."

रिळांच्या काळातली एक सवय त्यांना शेवटपर्यंत होती. रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात एक ठिपका क्षणभर चमकतो. प्रेक्षकांचं तिकडे लक्ष नसतं, पण ऑपरेटरला तो दिसावाच लागतो, कारण तो दिसला की पुढचं रीळ लावलेला दुसरा प्रोजेक्टर सुरू करायचा. त्यामुळे वडील कुठल्याही चित्राकडे बघताना आधी उजव्या वरच्या कोपऱ्यात बघायचे. त्यांच्या लग्नाच्या फोटोतही त्यांची नजर तिकडेच आहे. आई म्हणते, "मला वाटलं, हा माणूस पळून जायला खिडकी शोधतोय." कॅमेऱ्याच्या चित्रावर तारीख-वेळ कुठे छापायची असं विचारलं गेलं, तेव्हा त्यांनी अर्थातच तो कोपरा सांगितला.

आजारपणात त्यांना जिना चढवेना, तेव्हा आई त्यांच्याबरोबर थर्मास घेऊन वर जाऊ लागली. मग ते घरीच राहू लागले आणि आई एकटीच जाऊ लागली. संध्याकाळी येऊन ती त्यांना दिवसभराचा सिनेमा सांगायची. कोण सामान ठेवायला आलं, कोण न्यायला आलं, कोण नेता नेता कपाटाला धरून रडलं. ते गेल्यावरही ती जात राहिली. "जा" असं तिला कोणी म्हटलं नव्हतं आणि "नको" असंही नाही.

मी शेवटच्या दिवसांत रजा घेऊन आले होते ती अजून घरीच होते. परत जाताना आईला माझ्याकडे घेऊन जायचं मी ठरवलं होतं. तिला तसं बोलले नव्हते. पण माझ्या बॅगेशेजारी तिची बॅग काढून ठेवलेली तिनं बघितली होती, आणि तीत न बोलता कांदे भरून ठेवले होते.

अशात केबिनमधला कॉम्प्युटर बसला. चित्र दिसायचं, पण साठवलं जायचं नाही. मालकांनी कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं. हे गोलमटोल गृहस्थ कुठल्याही दुखण्यावर एकच औषध सांगायचे, अपडेट. म्हणून आईनं त्यांचं नाव अपडेटराव ठेवलं होतं, आणि ती त्यांना तोंडावर तसंच म्हणायची. त्यांचीही काही हरकत नव्हती.

आई खाली चहा आणायला गेली होती तेव्हा मालकांच्या आणि माझ्यासमोर अपडेटरावांनी कॉम्प्युटरचा डबा उघडून आत फुंकर मारली आणि म्हणाले, "मालक, ही काही आता वाचत नाही. हिला कंपनीकडून काहीसुद्धा येणं बंद झालंय. नवी ऑपरेटिंग बघा."

ऑपरेटिंग सिस्टीम असं पूर्ण म्हणायचा त्यांना कंटाळा होता. दारात कप वाजले. आई चहा घेऊन उभी होती. तिनं कप ठेवले आणि कुणाकडे न बघता खाली निघून गेली.

जिना उतरताना मालक गुडघ्यावर हात ठेवून मला म्हणाले, "मी एक प्रोग्राम बघितलाय. गोदामात माणूस शिरला की मोबाइलवर इशारा येतो. तो घेतला तर वर कुणी बसायलाच नको. वहिनींनी किती दिवस हे जिने चढायचे? तुम्ही त्यांना नेणारच आहात ना?"

"विचार आहे."

"मग झालं तर. पण निवड तुम्हीच करा. तुम्ही शिकलेल्या. तुम्ही म्हणाल ती सिस्टीम. मला काय, गोदाम सुरक्षित राहिल्याशी कारण."

मला बरं वाटलं. जे मी आईला सांगू शकत नव्हते ते एक यंत्र परस्पर सांगून टाकणार होतं.

दुसऱ्या दिवशी मी भाजी निवडत होते म्हणून अपडेटरावांचा फोन स्पीकरवर टाकला. आई पलीकडे ओट्यापाशी होती, पाठमोरी.

"ताई, दोन आहेत माझ्या डोळ्यांसमोर," ते म्हणाले. "पहिली एकदम नावाजलेली. जिकडे तिकडे तीच. दिसायला चकाचक, काही शिकवावं लागत नाही. पण नखरे फार. कामाच्या मध्येच म्हणते, थांबा, मला माझं आवरायचंय. मग थांबायचं. आणि आपली जुनी जागा तिला पुरायची नाही. सगळं नवं लागेल."

"आणि दुसरी?"

"दुसरी फुकट. पैसा घेत नाही. जुन्या जागेत निमूट राहते. एकदा बसली की वर्षानुवर्षं उठत नाही. फक्त तिच्याशी तिच्या पद्धतीनं बोलावं लागतं. एक अक्षर चुकलं की ढिम्म हलत नाही, मग आपण समजूत काढायची."

"मालकांना इशारा हवाय."

"इशारे पहिलीच करते. मालक तिच्यावर खूष होतील. दुसरीला ते जमत नाही. तिच्यासोबत कुणीतरी बसून राहावं लागतं."

आईनं पातेल्यावर झाकण जरा जोरात ठेवलं.

जेवताना ती म्हणाली, "ती दुसरी. फुकट काम करते तर खाते काय?"

इथे सांगायला हवं की आई घरातल्या सगळ्या यंत्रांबद्दल असंच बोलते. फ्रिजला ती आत्याबाई म्हणते, कारण तो सतत कुरकुरतो. मिक्सर म्हणजे धाकटे दीर. तेव्हा मला वाटलं, बऱ्याच दिवसांनी तिची थट्टा परत आली. मीही सूर धरला.

"फार कमी खाते. म्हणून तर जुन्यावर भागतं तिचं."

"कुणाची आहे?"

"तशी कुणाचीच नाही. जगभरच्या लोकांनी मिळून वाढवलीय."

"अगं बाई! आईबाप नाहीत?"

"एक बाप आहे म्हणतात. पण त्यानं तिला सगळ्यांच्या हवाली करून टाकली."

आई घास हातात धरून बसली. "पुरुषांचं हे असंच. आणि ती पहिली, नखरेवाली?"

"ती श्रीमंताघरची."

"ती महाराणी मला केबिनमध्ये नको. तुझ्या बाबांच्या जागेवर बसून मालकांना इशारे करणार. मालकांच्या घरात कळलं तर?"

मी इतकी हसले की मला ठसका लागला. आईनं पाणी पुढे केलं, पण ती हसत नव्हती. ते मला तिच्या थट्टेतलंच वाटलं. विनोद करताना न हसणं ही तिची जुनी पद्धत.

"तिला एकच विचार," ती म्हणाली. "उजव्या कोपऱ्यात वर बघते का?"

मी समजले, तारीख-वेळेबद्दल बोलतेय. अपडेटरावांना विचारून तिला सांगितलं, "दोघींनाही जमतं."

"दोघींना?" आई म्हणाली. "मग सिनेमाच्या धंद्यातल्याच दिसतात."

अपडेटराव दोन्ही सिस्टीम चालवून दाखवायला यायचे होते, त्या सकाळी मी उठले तर आई घरात नव्हती. मी थिएटरवर गेले. केबिनचं दार सताड उघडं होतं. आईनं फरशी पुसली होती. खिडकीतली जळमटं काढली होती. वडिलांच्या स्टुलावरची उशी, त्यांची लोकरी टोपी, कान तुटलेला कप आणि चष्म्याचं रिकामं घर तिनं पिशवीत भरलं होतं, आणि स्टुलावर एक स्वच्छ टॉवेल घडी घालून ठेवला होता.

"हे काय चाललंय?"

"जागा करून देतेय. ती पोर नव्या ठिकाणी येणार. तिला कशाला दुसऱ्याची उशी?"

"कोण पोर?"

"सोशिक. ती फुकटवाली. मी मालकांना सांगणार आहे, घ्यायची तर तिलाच घ्या. आणि तिला काहीतरी पगार द्या म्हणावं. बिनपगारी माणूस ठेवणं बरं नव्हे." मग पिशवीचा बंद बांधत, माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "फक्त मला एवढंच कळलं नाही की बाईच घ्यायची होती तर मी काय वाईट होते?"

माझ्या डोक्यात सगळं एकदम जुळलं. ते कप, ते झाकण, तो घास.

"आई, बस इथे," मी म्हटलं. "कोणी बाई येत नाहीये."

"मग बाप्या?"

"बाप्याही नाही. ऑपरेटिंग सिस्टीम. कॉम्प्युटर चालू केला की तो ज्याच्या जोरावर चालतो ते. वस्तू पण नाही, हातात धरता येत नाही. अपडेटराव तिला नुसतं ऑपरेटिंग म्हणतात, तू ऑपरेटर ऐकलंस."

आई माझ्याकडे बघत राहिली.

"आणि ते, पैसा घेत नाही?"

"विकत घ्यावी लागत नाही."

"बाप सोडून गेला?"

"ज्यानं पहिल्यांदा बनवली त्यानं सगळ्यांना वाटून टाकली. म्हणजे तसंच जवळपास."

"एक अक्षर चुकलं तर हलत नाही, समजूत काढावी लागते?"

"टाइप करताना, आई."

"आणि मालकांना इशारे?"

आईनं तोंडावर टॉवेल धरला, नव्या ऑपरेटरसाठी आणलेला, आणि तिचे खांदे हलू लागले. मी क्षणभर घाबरले. मग टॉवेलमधून आवाज आला, "अगं, मी काल मालकिणीला फोन करणार होते." आम्ही दोघी केबिनमधल्या दोन स्टुलांवर बसून हसत सुटलो. प्रोजेक्टरच्या चौकोनी झरोक्यातून ते हसणं खाली गेलं आणि रिकाम्या पडद्यावर आपटून परत आलं.

मग आईनं डोळे पुसले.

"म्हणजे कोणी येत नाही."

"नाही."

"आणि महाराणी आली तर? ती मालकांच्या मोबाइलवर कळवणार?"

"हो."

"म्हणजे इथे माणूसच नको."

तिनं टॉवेलची परत घडी घातली. "मग त्यापेक्षा ती पोर आलेली बरी होती," ती म्हणाली. "तिला निदान उशी तरी लागली असती."

अपडेटराव आले. त्यांच्यामागून धापा टाकत मालक आले आणि दुसऱ्या स्टुलावर बसले. आधी महाराणीचा प्रयोग झाला. अपडेटरावांनी दाखवायला आणलेल्या मशिनवर ती मोठ्या दिमाखात उघडली. मालकांचा मोबाइल लगेच किणकिणला. बाल्कनीत माणूस!

सगळे कॉम्प्युटरच्या पडद्याकडे वाकले. बाल्कनीच्या कोपऱ्यात एक माणूस कमरेवर हात ठेवून उभा होता.

"तो आपला हिरो आहे," आई म्हणाली. कुठल्याशा जुन्या सिनेमाच्या जाहिरातीचा पुठ्ठ्याचा नायक. सिनेमा गेला, तो राहिला. वडील त्याला रोज सकाळी "काय, आज शूटिंग नाही वाटतं?" असं विचारायचे.

मोबाइल पुन्हा किणकिणला. बाल्कनीत माणूस!

"अहो, हा काय घेऊन जाणार आहे?" मालक म्हणाले. "त्याला स्वतःलाच दोन माणसांनी उचलावं लागतं."

"थांबा, तेवढा कोपरा वगळतो," अपडेटराव म्हणाले. त्यांनी तो वगळला, आणि मग मात्र महाराणीनं एकही चूक केली नाही. अपडेटराव खाली जाऊन कपाटांमधून चोरासारखे फिरून आले, तर प्रत्येक वळणावर इशारा. बाहेरच्या दारात मांजर आलं, तर तिनं मांजर म्हणून ओळखलं. मालक खूष झाले. नखरे करायला तिला त्या दिवशी वेळच मिळाला नाही.

मग सोशिक. तीच जुनी मशीन, तोच जुना पडदा. अपडेटरावांनी काळ्या पाटीसारख्या पडद्यावर ओळी टाइप केल्या, एक अक्षर चुकलं, ती ढिम्म हलली नाही, त्यांनी समजूत काढली. मग चारही चित्रं उघडली: बाल्कनी, खालचा हॉल, पडद्यामागे, बाहेरचं दार. ती साठवली जाऊ लागली. बाकी काही नाही.

"ही एवढंच करते?" मालकांनी विचारलं.

"एवढंच. पण करत राहते."

"बघायचं कुणी?"

"ते आपण."

मालक माझ्याकडे वळले. "तर ताई. आता सांगून टाका. माणूस लागणार की नाही? तुम्ही म्हणाल तसं."

अपडेटराव माझ्याकडे बघत होते. आई बघत नव्हती. ती पिशवी मांडीवर घेऊन पडद्यासमोर बसली होती, आणि तिची नजर उजव्या वरच्या कोपऱ्यात होती. ही सवय तिला कधी लागली ते मला माहीत नाही. मी माझ्या घरातली तिची खोली डोळ्यांसमोर आणून बघितली. खिडकी, पलंग, दिवसभर मी कामावर. तिथे ती कुणाचा सिनेमा बघणार होती आणि संध्याकाळी कुणाला सांगणार होती? मला सांगेल, असं मला वाटत आलं होतं. पण मी दिवे लागल्यावर येते, आणि आल्यावर गप्प असते.

"सोशिक घ्या," मी म्हटलं.

"का हो? इशारा नाही, काही नाही."

"इशारा आला तर तुम्ही काय करणार, मालक? तुम्ही गावाच्या त्या टोकाला. रिक्षा शोधणार, येणार, हे गुडघे घेऊन जिना चढणार. तोवर चोराचं कपाट नेऊन, ते लावून, त्यात कपडे ठेवून झालेलं असेल."

अपडेटराव खोकल्यासारखं हसले. मालकांनी आपल्या गुडघ्यांकडे बघितलं.

"म्हणजे माणूस लागेल म्हणता."

"लागेल."

"आणि माणूस कोण?"

"ते तिला विचारा. मी फक्त सिस्टीम निवडायची होती."

मालकांनी आईकडे बघितलं. "काय वहिनी? जिने झेपतील?"

"तुमच्यापेक्षा बरे झेपतात," आई म्हणाली. "तुम्ही अजून धापा टाकताय."

"ऑपरेटरची माणसं," मालक मान हलवत म्हणाले. "एक ऐकवून झाली की दुसरी ऐकवते. बसा बाई, बसा. पण आजपासून रीतसर बसा. पगारी. नाहीतर मी बिनपगारी बाई ठेवतो असं गावभर होईल."

आईनं माझ्याकडे बघितलं. मी झरोक्यातून खाली बघत होते.

अपडेटराव शेवटची जुळवाजुळव करू लागले. "वेळ कुठे छापू?"

"उजव्या कोपऱ्यात, वर," आम्ही दोघी म्हणालो.

"आणि इथे नाव विचारतेय ती. कोण वापरणार त्याचं. आपोआप 'ऑपरेटर' आलंय. बदलून तुमचं टाकू?"

आईनं पिशवीतून उशी काढली, झटकली, स्टुलावर ठेवली आणि वर बसली.

"आहे तेच राहू दे," ती म्हणाली.

त्या आठवड्यात मी निघाले. दुसरी बॅग कपाटावर गेली. कांदे आईनं काढून घेतले. निरोप द्यायला ती स्टेशनवर येणार नव्हती. कामाची वेळ होती. मी थिएटरवर जाऊन तिला भेटले, ती खाली उतरायला लागली तर मी नको म्हटलं, आणि एकटीच जिना उतरून, कपाटांच्या रांगेतून, बाहेरच्या दारापर्यंत आले. बाल्कनीतल्या हिरोला तिनं एक जुना मफलर घातला होता.

दाराबाहेर पाऊल टाकलं तोच फोन वाजला.

"तुझ्या बॅगेची मागची चेन उघडी आहे," आई म्हणाली.

मी बॅग खाली ठेवून चेन लावली.

"आता सरळ उभी राहा. पाठीला पोक काढून चालू नकोस, इथे सगळं दिसतं. वर बघ. तिकडे नाही. कॅमेऱ्यात."

मी कॅमेऱ्यात बघितलं.

"हं," ती म्हणाली. पलीकडे कप ठेवल्याचा आवाज आला. "जा आता. पोचलीस की फोन कर. संध्याकाळी कर. मला सांगायला बरंच असेल."